मिल्कवीडचा संकर: बागेत शोभेल आणि मोनार्कलाही चालेल असं झाड

रानजाई, इलिनॉय

नमस्कार मंडळी. इथे मिल्कवीडवर, म्हणजे मोनार्क फुलपाखराच्या अळ्या ज्याची पानं खातात त्या चिकाच्या अमेरिकी झाडावर, अधूनमधून प्रश्न येतात, पण ते बहुतेक "मोनार्क फुलपाखरांसाठी कुठलं लावू?" इथवर थांबतात. मी गेली काही वर्षं मागच्या अंगणात मिल्कवीडच्या जातींचा एकमेकींशी हाताने संकर करते आहे. त्याबद्दल सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

हा खटाटोप कशासाठी, ते आधी सांगते. उत्तर अमेरिकेत अस्क्लेपियसच्या (हे मिल्कवीडचं शास्त्रीय नाव) शंभरावर जाती आहेत, पण नर्सरीत तीन-चारच मिळतात आणि त्यांपैकी प्रत्येकीत काही ना काही खोट आहे. सिरियाका, म्हणजे कॉमन मिल्कवीड, जूनमध्ये फुललं की अंगणभर वास दरवळतो. पण ते जमिनीखालून पसरतं आणि दुसऱ्या वर्षी टोमॅटोच्या वाफ्यात कोंब काढतं. ट्यूबरोसाचा केशरी रंग बघत राहावा असा. पण त्याला सोटमूळ, एकदा लावलं की हलवायची सोय नाही आणि आमच्याकडच्या चिकणमातीत हिवाळ्यात पाणी साचलं की मूळ कुजतं. इन्कार्नाटा ओल्या जमिनीत आनंदाने वाढतं आणि एका जागी राहतं, मात्र रंग गुलाबी नाहीतर पांढरा. पर्प्युरासेन्सचा जांभळट गुलाबी रंग माझा सगळ्यात आवडता, पण ते वाढायला सावकाश आणि शेंगा धरायला त्याहून सावकाश.

म्हणजे सिरियाकाचा वास हवा पण पसरणं नको. ट्यूबरोसाचा रंग हवा पण चिकणमातीत टिकणारं मूळही हवं. शंभर-दीडशे वर्षांत गुलाब, लिली, आयरिस यांचे किती संकर झाले, आणि याच मातीतल्या या झाडाकडे बागकाम करणाऱ्यांनी त्या मानाने फार कमी लक्ष दिलं. याची मला मनापासून खंत वाटते.

याचं एक कारण फुलाच्या रचनेतच आहे. जास्वंदीला ब्रशने पराग लावता येतात, तसं इथे चालत नाही. मिल्कवीडच्या फुलात पराग सुटे नसतातच, ते मेणचट पिवळ्या पुड्यांत बंद असतात. फुलाच्या मधोमध पुंकेसर आणि कुक्षी एकत्र येऊन एक खांब झालेला असतो. त्यावर पाच उभ्या फटी आणि प्रत्येक फटीच्या वरच्या टोकाला एक काळा बारीक ठिपका. हा ठिपका म्हणजे एक चिमटा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन दांड्या आणि दांड्यांना लटकलेल्या दोन पुड्या, अगदी कावडीसारख्या. मधमाशीचा पाय फटीत घसरला की वर ओढताना चिमटा पायाला बसतो आणि अख्खी कावड बाहेर येते. पुढच्या फुलावर त्यातली एक पुडी दुसऱ्या फटीत अडकून मोडली, की झालं परागीभवन.

हे सगळं आपल्याला सुईने करायचं असतं. मी डोक्याला लावायचं भिंग आणि बारीक टोकाचा चिमटा वापरते. काळ्या ठिपक्याच्या खाली टोक घालून हळूच वर उचललं की कावड अलगद येते. मग एक पुडी दांडीपासून सोडवायची आणि दुसऱ्या जातीच्या फुलाच्या फटीत सरकवायची. पुडीची फुगीर कड आत गेली पाहिजे, कारण परागनलिका त्या कडेने फुटतात. उलटी बसली तर मेहनत वाया. सिरियाकाचं फूल मोठं, त्यावर हात लवकर बसतो. ट्यूबरोसाची फटच दिसायला कठीण, तिथे श्वास रोखून काम करावं लागतं.

एक गोष्ट मात्र आपल्या फायद्याची. एका पुडीत एका शेंगेतल्या सगळ्या बियांना पुरतील इतके परागकण असतात. त्यामुळे एका शेंगेतली सगळी रोपं सख्खी भावंडं. कोणता बाप, कोणती आई, हे शेंगेच्या देठाला लावलेल्या एका चिठ्ठीवरून कळतं.

कोणी असा प्रयोग केला असेल तर जरूर लिहा. माझे सिरियाका आणि स्पेसिओसाचे संकर चांगले जमले आहेत. ट्यूबरोसाच्या शेंगा मात्र बोटाएवढ्या होऊन पिवळ्या पडतात आणि गळतात.

---

बागबान, पुणे

फार सुंदर धागा! कावड वाचल्यावर लगेच बीएस्सीचं प्रॅक्टिकल डोळ्यांपुढे आलं. आम्ही हे रुईच्या फुलावर पाहिलं होतं. रुई याच घराण्यातली, रचना तीच, आणि फूल चांगलं मोठं, त्यामुळे काळा ठिपका नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. ज्यांना हात बसवायचा आहे त्यांनी रुईवर सराव करावा. मारुतीच्या देवळाजवळ, रेल्वेच्या रुळाकडेला, कुठेही मिळेल.

आपल्याकडे अस्क्लेपियसची कुरासाविका ही अमेरिकेतून आलेली जात बागांत असते, हळदीकुंकू म्हणतात ती. पाकळ्या लालकेशरी आणि मधला मुकुट पिवळा. माझ्या गच्चीवरच्या कुंडीत बिबळ्या कडवा फुलपाखराच्या अळ्या महिन्या-दोन महिन्यांनी झाड फस्त करतात आणि ते पुन्हा फुटतं.

ताई, एक शंका. संकर करताना मादी फुलातले पराग आधी काढून टाकावे लागतात ना? टोमॅटो-वांग्यात आम्ही तेच करतो.

---

रानजाई, इलिनॉय

बागबानदादा, ते जातीवर अवलंबून आहे. सिरियाका आणि ट्यूबरोसा स्वतःच्या परागांनी सहसा बी धरत नाहीत, त्यामुळे तिथे पुड्या काढायची गरज पडत नाही. फक्त कीटक येऊ द्यायचे नाहीत. मी ऑर्गन्झाच्या पिशव्या वापरते, लग्नात बदाम-सुपारी घालून देतात त्याच. कळ्या उमलायच्या आधी पिशवी चढवायची आणि परागीभवन केल्यावर पुन्हा बांधून टाकायची.

इन्कार्नाटा आणि हळदीकुंकू मात्र स्वतःच्या परागांनीही फळतात. ती मादी म्हणून वापरायची तर पाचही कावडी आधी उचलून टाकाव्या लागतात. एकही राहिली तर शेंग आपल्या संकराची आहे याची खात्री देता येत नाही.

---

एकबीज, नॉर्थ कॅरोलिना

माझं शिक्षण वनस्पती प्रजननातलं, त्यामुळे राहवलं नाही. ट्यूबरोसाच्या शेंगा का गळतात याबद्दल थोडं.

अस्क्लेपियसच्या जवळजवळ सगळ्या जातींत गुणसूत्रं २२ असतात, म्हणजे अडचण आकड्याची नाही. परागनलिकाही बऱ्याचदा व्यवस्थित वाढून बीजांडापर्यंत पोचतात. खरा अडथळा त्याच्या पुढे आहे. स्वपरागाचंच बघा. मोहरी-कोबीच्या माणसाला वाटेल की नको असलेला पराग कुक्षीवरच अडवला जात असेल. मिल्कवीडमध्ये तो आत जातो, नलिका पोचते आणि त्यानंतर झाड ते फळ टाकून देतं. दूरच्या जातींच्या संकरातही नकार असाच उशिरा येतो. म्हणून शेंग वाढताना दिसते, आपण खूश होतो आणि मग ती गळते. कधी शेंग टिकते, पण उघडल्यावर बिया पापडासारख्या चपट्या निघतात, आत गर्भ नसतो.

निसर्गातही हेच चित्र आहे. मिसुरी बोटॅनिकल गार्डनचे रॉबर्ट वुडसन यांनी १९५४ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या सगळ्या जातींचा आढावा घेतला. एकाच माळावर चार-चार जाती एकाच वेळी फुलतात, त्याच मधमाश्या सगळ्यांवर फिरतात, तरी संकर विरळाच सापडतात असं त्यांचं मत होतं. पुढे अपवाद नीट अभ्यासले गेले. व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ नॅशनल पार्कमध्ये एक्झाल्टाटा आणि सिरियाका यांचे संकर आहेत, आणि ते दोन्ही पालकांशी पुन्हा जुळतात, म्हणजे वांझ नाहीत. ग्रेट प्लेन्समध्ये पूर्वेची सिरियाका आणि पश्चिमेची स्पेसिओसा जिथे भेटतात, तिथेही मधल्या रूपाची झाडं आढळतात. तुमचा तोच संकर सहज जमला यात नवल नाही, त्या दोघी जवळच्या आहेत.

माझा सल्ला असा. ट्यूबरोसा आणि इन्कार्नाटा यांना थेट जुळवण्यात वर्षं घालवू नका. तो रस्ता प्रयोगशाळेचा आहे: शेंग गळायच्या आधी कोवळा गर्भ काढून पोषक माध्यमावर वाढवावा लागतो. अंगणात करण्यासारखं काम जवळच्या जातींत आहे. सिरियाका आणि एक्झाल्टाटा घ्या. एक्झाल्टाटा झाडांच्या सावलीत वाढते, खाली लोंबणारे पांढरट नाजूक गुच्छ देते आणि सिरियाकासारखी धावत सुटत नाही. पहिल्या पिढीत सगळं मधलं-मधलं दिसेल, निराश होऊ नका. त्या भावंडांना एकमेकांशी जुळवा. वास, पसरणं, उंची हे गुण दुसऱ्या पिढीत सुटे होऊन वेगवेगळ्या रोपांत दिसायला लागतात. निवड खरी तिथून सुरू होते.

---

इतिहासाची_पानं, मिशिगन

थोडं अवांतर, पण राहवत नाही. दुसऱ्या महायुद्धात जावा बेट जपानच्या ताब्यात गेलं आणि जीवरक्षक जाकिटांत भरायचा कपोक, म्हणजे एका झाडाचा हलका कापूस, मिळेनासा झाला. तेव्हा अमेरिकेत शाळकरी मुलांकडून मिल्कवीडच्या शेंगा गोळा करवल्या. "दोन पोती, एक जीव" अशा अर्थाची घोषणा होती. त्या शेंगांतला कापूस काढायचा कारखाना आमच्या मिशिगनमध्ये पेटॉस्की गावी होता. कॅनडात त्याच सुमारास रबराच्या टंचाईमुळे मिल्कवीडच्या चिकावर काम झालं आणि त्या निमित्ताने जातींचे संकरही करून पाहिले गेले. बागेच्या शोभेसाठी मात्र तेव्हा कोणी काही केल्याचं माझ्या माहितीत नाही.

---

नेत्रपल्लवी, नाशिक

मी डोळ्यांची डॉक्टर आहे. धागा आवडला, पण एक गोष्ट सगळ्यांनी गांभीर्याने घ्यावी. भिंग लावून, चेहरा फुलाजवळ नेऊन तुम्ही चिकाच्या झाडावर काम करताय. रुईचा चीक डोळ्यात गेलेले रुग्ण आमच्याकडे येतात. बऱ्याचदा दुखत फार नाही, म्हणून माणूस घरीच थांबतो आणि काही तासांनी धूसर दिसायला लागतं. हा चीक बुबुळाच्या आतल्या थराला इजा करतो आणि बुबुळ सुजतं. मिल्कवीडच्या चिकानेही असंच होतं. हातमोजे घाला, काम संपेपर्यंत डोळ्याला हात लावू नका आणि साधा का होईना, चष्मा लावा. चीक गेलाच तर ताबडतोब स्वच्छ पाण्याने भरपूर वेळ डोळा धुवा आणि दुखत नसलं तरी डॉक्टरकडे जा. वेळेवर उपचार झाले तर नजर सहसा पूर्ववत होते.

---

रानजाई, इलिनॉय

नेत्रपल्लवीताई, फार मोलाचं सांगितलंत. ट्यूबरोसाला पांढरा चीक नसतो, बाकीच्यांना भरपूर असतो, त्यामुळे एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना माणूस बेसावध राहतो. ही सूचना वर चिकटवून ठेवायला हवी.

एकबीज, एक्झाल्टाटा माझ्या डोक्यातच नव्हती. आमच्या उत्तरेकडच्या कुंपणाला सावली असते, तिथे लावते.

---

ऑस्टिनकर, टेक्सास

विषय चांगला आहे, पण मी थोडा विरोधी सूर लावणार आहे. आमच्या दक्षिणेत हळदीकुंकूने जे केलंय ते डोळ्यांसमोर आहे म्हणून.

ही जात सगळ्यात देखणी, बियांपासून पहिल्याच वर्षी फुलते, म्हणून नर्सऱ्यांनी तीच विकली. उत्तरेतली मिल्कवीड हिवाळ्यात जमिनीपर्यंत मरते आणि वसंतात नव्याने फुटते. हळदीकुंकू आमच्या गल्फ किनाऱ्यावर, फ्लोरिडात थंडीतही हिरवं राहतं. मग काही मोनार्क मेक्सिकोत मिचोआकानच्या डोंगरात जायचं सोडून इथेच अंडी घालत राहतात. ओई नावाचा एक परजीवी आहे, त्याचे बीजाणू फुलपाखराच्या अंगावरून पानांवर पडतात आणि पानांबरोबर अळीच्या पोटात जातात. झाड वर्षभर तेच राहिलं की हे बीजाणू साचत जातात. जास्त लागण झालेलं फुलपाखरू कोषातून नीट बाहेरही पडू शकत नाही. म्हणून आम्ही लोकांना ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हळदीकुंकू जमिनीलगत छाटायला सांगतो. कॅलिफोर्नियात काही काउंटींनी २०२२ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकी वन्यजीव खात्याने मोनार्कला धोक्यातली जात म्हणून जाहीर करण्याचा प्रस्ताव मांडला.

तेव्हा "अधिक चांगलं बागेचं झाड" म्हणजे कोणासाठी चांगलं? जास्त दिवस फुलणारं, जास्त दिवस हिरवं राहणारं झाड माणसाला आवडेल. मोनार्कला नेमकं तेच घातक ठरू शकतं.

---

रानजाई, इलिनॉय

ऑस्टिनकर, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. माझ्या मते मिल्कवीडच्या संकराची पहिली अट हीच हवी, आणि मी ती अशी पाळते.

एक, हळदीकुंकू मी संकरात घेत नाही. थंडीत झोपी न जाणारा गुण मला या झाडांत आणायचाच नाही. दोन, फूल "डबल" झालं तरी ते मी निवडणार नाही. मिल्कवीडचा मध मुकुटाच्या पाच टोपऱ्यांत असतो. त्यांच्या जागी पाकळ्या झाल्या तर फूल भरगच्च दिसेल, पण भुंगा-मधमाशी उपाशी जाईल. तीन, आवडलेलं रोप मी कुंडीत वाढवून पालक जातींच्या शेजारी ठेवते. मोनार्कची मादी त्यावर अंडी घालते का, अळ्या पूर्ण वाढतात का, हे बघते. पानातली विषारी द्रव्यं जातीजातींत फार वेगळी असतात. हळदीकुंकूत खूप, सिरियाकात मध्यम, ट्यूबरोसात अगदी थोडी. मोनार्कची अळी तीच साठवून पक्ष्यांपासून बचावते. संकरात हे प्रमाण कुठे जाईल ते नुसतं बघून कळत नाही, म्हणून निदान अळीची पसंती तरी पाहायची.

आणि चौथं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शेंग तडकायच्या आधीच मी काढून घेते. एकदा म्हातारी उडाली की ती आपल्या कुंपणात थांबत नाही. आमच्या गावाबाहेर मूळ प्रेअरी, म्हणजे इथला गवताळ माळ, पुन्हा उभी करायचं काम चालतं, तिथल्या स्थानिक सिरियाकात माझ्या अंगणातलं पश्चिमेचं रक्त मिसळायला नको. संकराचं बी अशा प्रकल्पांना मी कधीच देत नाही, बागेसाठी मागणाऱ्यालाच देते.

---

ऑस्टिनकर, टेक्सास

हे वाचून बरं वाटलं. या अटी पाळून कोणी करत असेल तर माझा विरोध नाही, उलट मदतच करेन. आमच्याकडे व्हिरिडिस आणि अ‍ॅस्पेरुला या जाती रानोमाळ आहेत. उन्हाळा आणि दुष्काळ सोसण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. दिसायला हिरव्या फुलांच्या आहेत, म्हणून बागेत कोणी लावत नाही.

---

नर्सरीवाला, न्यू जर्सी

धंद्याच्या बाजूने दोन शब्द. ट्यूबरोसाला २०१७ मध्ये 'पेरेनियल प्लांट ऑफ द इयर' हा मान मिळाला. पण रोप विकताना तेच सर्वांत त्रासाचं. सोटमूळ असल्याने उथळ ट्रेमध्ये वाकडं होतं, खोल कुंडी लागते. वसंतात उशिरा फुटतं, त्यामुळे गिऱ्हाईक "मेलेलं दिलंत" म्हणून परत आणून देतं. पानांवर पिवळा मावा बसला की लोक घाबरतात, आणि फवारणी केली तर अळ्या मरतात.

बाजारात आज जे रंग आहेत ते बहुतेक संकर नाहीत, एकाच जातीतली निवड आहे. ट्यूबरोसाची 'हॅलो यलो', इन्कार्नाटाची पांढरी 'आइस बॅले' आणि गुलाबी 'सिंड्रेला', कुरासाविकाची 'सिल्की गोल्ड'. रानातल्या ट्यूबरोसात पिवळ्यापासून गडद तांबड्या केशरीपर्यंत छटा सापडतात. चिकणमातीत तग धरलेली ट्यूबरोसाची रोपं निवडून त्यांचंच बी पुढे नेलं, तर रानजाईताईंना हवं ते कदाचित संकराशिवायच मिळेल. हे काम बियांवरच चालतं, त्यामुळे लहान माणसालाही परवडतं.

---

एकबीज, नॉर्थ कॅरोलिना

अगदी सहमत. फक्त एक लक्षात ठेवा, ट्यूबरोसा स्वतःच्या परागाने फळत नाही, म्हणून चिकणमातीत टिकलेलं एकच झाड ठेवून भागणार नाही. वेगवेगळ्या शेंगांतून आलेली, एकमेकांशी नातं नसलेली चांगली झाडं एकत्र लावा आणि कमजोर झाडं फुलायच्या आधी उपटा.

---

शेंगदाणा, टोरांटो

मी अगदीच नवखी आहे. मिल्कवीडचं बी दोनदा पेरलं, उगवलंच नाही. शेंग कधी काढायची आणि बी कसं रुजवायचं ते कोणी सांगेल का?

---

रानजाई, इलिनॉय

शेंगेच्या शिवणीवर अंगठ्याने हलका दाब द्यायचा. सहज उकलली आणि आत बी तपकिरी दिसलं तर काढायची, बी पांढरं असेल तर अजून ठेवायची. शेंग पूर्ण उघडण्याआधी मधला दांडा टोकाकडून घट्ट धरून बिया खाली ओढल्या तर कापूस हातात राहतो आणि बी स्वच्छ सुटतं. कापूस फुलल्यावर हे काम घरात करू नका, आठवडाभर नाकात जाईल.

उत्तरेच्या जातींच्या बीला थंडी दाखवावी लागते. ओलसर कागदी टॉवेलमध्ये बी घडी घालून, झिपच्या पिशवीत, फ्रिजमध्ये महिना-दीड महिना. टॉवेल ओला हवा, निथळता नको, नाहीतर बुरशी येते. मग उबेला काढून पेरा, वर माती अगदी पातळ. नाहीतर सरळ नोव्हेंबरमध्ये बाहेर पेरा, टोरांटोची थंडी तुमचं काम करेल. सिरियाका, ट्यूबरोसाला फुलायला साधारण दोन-तीन वर्षं लागतात.

---

बागबान, पुणे

दोन-तीन वर्षं! मग मी इथे पुण्यात काय करू? रुई आणि हळदीकुंकू यांचा संकर होईल का? एकाच घराण्यातली आहेत म्हणून विचारतो.

---

एकबीज, नॉर्थ कॅरोलिना

काका, ते जमणार नाही. दोन्ही वेगळ्या प्रजातिगटांतली आहेत, पुडीचा आकारही जुळत नाही. पण तुमच्याकडे आमच्याहून सोपी सोय आहे. नुसती पिवळी हळदीकुंकू मिळाली तर तिचा आणि नेहमीच्या लाल-पिवळीचा संकर करा. मादी फुलातल्या पाचही कावडी काढायला विसरू नका. बीला थंडी लागत नाही आणि काही महिन्यांत फुलं येतात, त्यामुळे नातवंडांची पिढीसुद्धा लवकरच बघायला मिळेल. प्रत्येक रोपाचा रंग वहीत लिहा, किती पिवळी, किती लाल, मधली काही आहेत का. इथे आकडे टाकलेत तर त्यावरून रंगाचा वारसा कसा चालतो ते मिळून काढता येईल. आणि शेंगा तडकायच्या आधी काढा, तिथेही ही जात बाहेरचीच आहे.

---

बागबान, पुणे

ठरलं. पिवळीचं बी मुळशीच्या एका ओळखीच्या नर्सरीत पाहिलं आहे, या रविवारी आणतो. ऑर्गन्झाच्या पिशव्या भाचीच्या लग्नातल्या उरल्याच आहेत.